एका म्हणण्यात अठरा ठोके

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. अठ्ठावीस वर्षं भोरच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर सरकारी नर्स म्हणून हिंडतेय आणि रागावल्याशिवाय इथे पोराला लस टोचून होत नाही, हा माझा अनुभव. लोकही आता सरावलेत. वळणावर माझी छत्री दिसली की बाया एकमेकींना सांगतात, "वनिता सिस्टर आली, पोरांची नाकं पुसा."

त्यामुळे गेल्या जानेवारीत फोनवर एक बाई म्हणाल्या, "नमस्कार, मी पुण्याहून सिस्टर प्रेरणा बोलतेय," तेव्हा मी म्हटलं, "मीपण सिस्टरच बोलतेय. लवकर बोला, दारात रांग आहे."

त्या हसल्या. त्या निघाल्या खऱ्या सिस्टर, कॅथलिक नन. त्यांच्या मठातल्या नन इंग्रजांच्या काळात पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात रुग्णांची सेवा करत. त्याचा इतिहास लिहायचं काम या बाईंकडे आलं होतं. जुन्या कागदांत त्यांना एका मुलीचं नाव सापडलं होतं: अंबू, गाव हिर्डोशी, संस्थान भोर. ग्रामपंचायतीनं त्यांना माझा नंबर देऊन टाकला होता.

"तिच्या घरचं कुणी भेटेल का हो?" त्यांनी विचारलं.

"घरचं कशाला, ती स्वतःच आहे की. माझी आजी. ब्याण्णव वर्षांची आहे, दात सोडले तर सगळं शाबूत आहे."

"मग मी येतेच," त्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथे यायचा वार ठरवून टाकला.

फोन ठेवला आणि मला पस्तावा झाला. एक तर गावात नन आली की चार तोंडं चार गोष्टी बोलणार. आम्ही बौद्ध, मी सरकारी नोकर, नसती भानगड कशाला? आणि दुसरं, ती बाई आजीला त्या दवाखान्याबद्दल विचारणार आणि मंत्राची गोष्ट पुन्हा उकरली जाणार. पस्तीस वर्षांपूर्वी मी ती कायमची पुरली होती. निदान मला तसं वाटत होतं.

मंत्राचं सांगायला हवं.

आजीची आई त्या दवाखान्यात झाडूवाली होती. लढाईच्या वर्षांत आजी बारा वर्षांची असताना ती आईबरोबर पुण्याला गेली, ती लग्न ठरेपर्यंत तिथेच राहिली. परत आली तेव्हा तिला बाळंतपण करता येत होतं, जखम धुता येत होती, नाडी बघता येत होती. पुढं पस्तीस-चाळीस वर्षं ती या पट्ट्यातली सुईण होती. आमच्या वस्तीतल्या बायांची तर ती होतीच, पण वरच्या आळीतल्या ज्या घरांत तिला पाणी वरून वाढायचे, त्या घरांतही अडलेल्या बाईपाशी तिलाच न्यायचे. एकदा बाई मोकळी झाली की पुन्हा पाणी वरून.

आणि काम करताना ती पुटपुटायची. एका हातानं बाईचं मनगट धरायची, डोळे मिटायची, कुठल्यातरी परक्या भाषेतल्या चार ओळी म्हणायची. दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. शेवटी "आमेन" म्हणायची आणि डोळे उघडायची. पाणी उकळायला ठेवलं की पुटपुटायची, नाळ कापायच्या आधी पुटपुटायची. सगळा गाव म्हणायचा, अंबूबाईला गोऱ्या बायांनी मंत्र दिलाय. लोकांचा त्या मंत्रावर इतका भरवसा की पाली-वेल्ह्याच्या अंगाला दिलेल्या लेकी बाळंतपणाला इकडे यायच्या.

मला त्याची भयंकर लाज वाटायची. मी दहावी पास, भोरला वसतिगृहात राहून अकरावी शिकत होते. आजीनं छप्पन्न साली धम्म घेतलेला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि तोंडात हे मंत्रतंत्र!

मग एकोणनव्वद सालची जयंती आली. समाजमंदिरात मी भाषणाला उभी राहिले, विषय अंधश्रद्धा. भाषण ऐन रंगात आलं आणि मी आजीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "दुसऱ्यांना काय सांगायचं? दिव्याखाली अंधार आमच्याच घरात आहे. आज्जी, हितं सगळ्यांसमोर शब्द दे, पुन्हा तो मंत्र म्हणणार नाहीस."

आजी गडबडली. उभी राहिली, पदर सारखा केला. म्हणाली, "आगं, ते मोजायचं हाय माजं..."

"मोजायला मंत्र कशाला लागतो?" मी म्हटलं.

लोक हसले. आजीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. दिला शब्द. न्हाई म्हननार." टाळ्यांचा कडकडाट झाला. मला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला.

त्यानंतर आजीनं एकही बाळंतपण केलं नाही. कुणी बोलवायला आलं की सांगायची, "डोळ्यानं दिसत न्हाई आता." त्या वेळी तिचं वय सत्तावन्न. लोकांना वाटलं, वय झालं. मलाही तेच वाटलं.

त्याच वर्षी आषाढात शेजारच्या भामाबाईची सून अडली. घाटाचा रस्ता दरडीनं बंद, ST नाही, जीप नाही. चौघांनी तिला झोळीतून भोरच्या दिशेनं नेलं आणि ती वाटेतच बाळंत झाली. पोरगी रडलीच नाही. सून वाचली, पोरगी गेली. मी नर्स झाले ती त्या पोरीमुळं, असं मी प्रत्येक कार्यक्रमात सांगते आणि ते खरंही आहे.

सिस्टर प्रेरणा एका बुधवारी सकाळी आल्या. ST चुकली म्हणून भोरहून धनाजीच्या टेम्पोत, खताच्या गोण्यांशेजारी बसून आल्या. साठीच्या, सावळ्या, फिकट साडी, गळ्यात छोटा क्रॉस, गाव संगमनेरकडचं. भामाबाई आणि आजी ओट्यावर उन्हाला बसून पावटे सोलत होत्या. भामाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "ही कुठं गोरी हाय?"

"गोऱ्या मावशी सगळ्या गेल्या हो," सिस्टर हसत म्हणाल्या. "आता आम्हीच उरलो."

त्या आजीपुढं खाली बसल्या, वाकून पायांना हात लावला. आजीनं त्यांची साडी चाचपून पाहिली.

"खळ करत न्हाई का तुमी आता?" आजीनं विचारलं. "आमच्या येळंला गोऱ्या बायांची कापडं येवढी कडक असायची, चालल्या की पतरा वाजल्यावानी वाजायची. आमी पोरी त्या आवाजावर सावद व्हायचो."

"सिस्टर मार्था आठवतात का तुम्हाला?"

"मार्था न्हाई आठवंल तर कोन आठवंल? त्यांनी मला दोनदा मारलंय. येकदा हात न धुता चादर घातली म्हणून, आन येकदा..." आजीला हसू आलं, "येकदा मरणाऱ्या म्हाताऱ्याला खोटं बोलले म्हणून. म्या म्हणलं, बाबा, तू उद्या घरी जाशील. मार्था म्हणल्या, मरत्या मानसाला फसवायचं न्हाई. त्याचा हात धरून बस."

भामाबाईनं मधेच विचारलं, "आन देव बदल म्हणल्या का न्हाई?"

मी डोळे वटारले, पण तिच्यावर त्याचा काही उपयोग नसतो.

"म्हणल्या की," आजी म्हणाली. "दोनदा म्हणल्या. म्या म्हणलं, आईला इचारते. आई म्हणली, त्यास्नी सांग, आदी माजा पगार वाढवा." सगळ्यांत मोठ्यानं सिस्टर प्रेरणाच हसल्या.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. आधी एक यादी दाखवली. म्हणाल्या, "आजी, एक गोष्ट मी खरी सांगणार आहे. नर्स म्हणून आमच्याकडे ननची नावं आहेत, शिकाऊ मुलींची नावं आहेत. तुमचं नाव झाडूवाल्यांच्या यादीत आहे. सहा वर्षं तुम्ही रुग्णांना हात लावलात आणि तुम्हाला झाडूच लिहिलं. मला याची लाज वाटते. पुस्तकात मी हे आहे तसंच छापणार आहे."

"झाडू बी मारायची की म्या," आजी म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नसावं. मला वाटलं. नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी काहीतरी कडू बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी दुसरा कागद काढला.

"ही सिस्टर मार्थांची डायरी. त्या बेल्जियमच्या होत्या, फ्रेंचमध्ये लिहायच्या. मी मराठी करून आणलंय. यासाठीच आले." आणि त्या वाचायला लागल्या.

"अंबूला घड्याळ शिकवण्याचा आज पुन्हा प्रयत्न केला. मुलगी हुशार आहे, पण काटे पाहिले की घाबरते. आणि वॉर्डात घड्याळ तरी कुठे आहे? एकच आहे, ते मदरच्या कमरेला. ताप आलेले चाळीस रुग्ण, नाडी कोण मोजणार? शेवटी मी तिला आमची छोटी प्रार्थना पाठ करून दिली, लॅटिनमधली. अर्थ सांगितला नाही. सावकाश म्हटली तर पंधरा सेकंद लागतात. ओठांनी म्हणायचं, अंगठ्यानं पेरांवर ठोके मोजायचे. एका म्हणण्यात अठरा, तर माणूस बरा. पंचविसाच्या वर, तर ताप. तिसाच्या वर, तर मला हाक मार. कात्री उकळायची ती चाळीस वेळा म्हणून होईपर्यंत."

सिस्टरनी पान उलटलं.

"दोन आठवडे झाले. मदरचं घड्याळ मागून आणलं आणि तिची परीक्षा घेतली. वीस रुग्णांत चूक फक्त एकदा, तीही एका ठोक्याची. आता मी घड्याळापेक्षा अंबूवर विसंबते. प्रार्थनेचा असा वापर केल्याचं पाप मी शनिवारी फादरांपाशी कबूल केलं. ते हसले."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी कुठं ठेवला, आठवत नाही.

पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं. मी हे रोज करते. नर्सिंगच्या पहिल्या महिन्यात आम्हाला हेच शिकवलं होतं. अठरा चोक बहात्तर. चाळीस वेळा म्हणजे दहा मिनिटं, कात्री उकळायला दहा मिनिटंच लागतात. तो मंत्र नव्हता. ते घड्याळ होतं. आणि मी ते भर सभेत, टाळ्यांच्या गजरात तिच्याकडून काढून घेतलं होतं. घड्याळ गेल्यावर तिनं कामच सोडलं, कारण अंदाजानं नाळ कापायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सिस्टर प्रेरणांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या आनंदानं म्हणाल्या, "आजी, येतं का हो अजून? एकदा म्हणून दाखवाल? मी घड्याळ लावते."

आजीनं ओठ घट्ट मिटले. पावट्याची शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. मग माझ्याकडे हनुवटीनं खूण केली. "तिला इचारा. माजा शब्द तिच्यापशी गहाण हाय."

मी तिच्यासमोर बसले. "आज्जी, तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगाया लागले तर लोक हसले."

"नंतर घरी सांगायचं. एवढी वर्षं एका घरात राहतोय आपण!"

"तू दहावी पास," आजी म्हणाली. "तुला काय सांगू? मला घड्याळ कळत न्हाई म्हणून?"

मी आजवर शेकडो लोकांना अडाणी म्हटलंय, तोंडावर म्हटलंय. त्या क्षणी मला माझीच इतकी चीड आली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "म्हण आज्जी. माझं चुकलं. मी सोडलं तुला शब्दातून."

"असं न्हाई चालत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण ती हलणार नव्हती. "चारचौगांत दिलाय. चारचौगांतच सोडव."

चारचौघं म्हणजे तिथं होतं कोण? सिस्टर, टेम्पोची ताडपत्री बांधत उभा असलेला धनाजी आणि भामाबाई. आणि भामाबाईपुढंच तर माझी जीभ उचलत नव्हती. ती खाली मान घालून पावटे सोलत होती, पण मघापासून एकच शेंग तिच्या हातात होती. तिनंही डायरी ऐकली होती. ती साधी आहे, खुळी नाही.

तरी मी उभी राहिले. सभेत उभी राहिले होते तशी. म्हटलं, "भामाकाकू, धनाजी, सिस्टर, ऐका. आज्जीचा मंत्र हा मंत्र नव्हता. ते तिचं घड्याळ होतं. मला काही कळत नव्हतं आणि मी तिला भर सभेत खोटं पाडलं. त्यामुळे तिनं काम सोडलं. काकू, त्या आषाढात तुमच्या सुनेच्या वेळी..."

मी आजीकडे वळले.

"बोलवाया आल्ते," आजी हळूच म्हणाली. "भामा सोता आलती, भिजत. म्या म्हणलं, दिसत न्हाई मला. आन मला समदं दिसत हुतं, भामे. तुजं तोंड बी दिसत हुतं."

ती पोरगी आजीच्या हातात वाचली असती का? कदाचित वाचली असती, कदाचित नसती. इतक्या वर्षांच्या कामानंतर मला एवढं कळतं की असल्या प्रश्नाला उत्तर नसतं. पण ज्या घरचं मूल गेलं, त्या घराला हे तोंड वर करून सांगता येत नाही. भामाबाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भामाबाईनं शेंग सुपात ठेवली, पदरानं हात पुसले.

"त्या दिवशी पयली टाळी म्याच वाजवली हुती," ती म्हणाली. "ही चांगली बोलत हुती गं. मला वाटलं, आपल्या वस्तीतली पोरगी कशी धीट बोलती." मग तिनं सूप बाजूला सारलं. "सोडव तिला. जीव गुदमरला आसंल तिचा."

मी म्हटलं, "आज्जी, सगळ्यांसमोर सांगते. तुझा शब्द तुला परत."

आजीनं मान डोलावली. जुनं भांडं घासून परत मिळाल्यासारखी ती समाधानी दिसली. सिस्टर प्रेरणांनी डोळे पुसले आणि स्वतःचं मनगट पुढं केलं. "माझी नाडी बघा, आजी."

"तुमची कशाला? तुमी बऱ्या हायसा," आजी म्हणाली आणि माझा हात ओढला.

तिची तीन बोटं माझ्या मनगटावर बरोबर जागेवर बसली. अठ्ठावीस वर्षं मी हजारो मनगटं धरली, पण माझं मनगट असं कुणी धरलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणायला लागली. पस्तीस वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेल्या त्या चार ओळी, सावकाश, एका चालीत, कुठंही न अडखळता. डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकत होता. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या, ओठ त्यांचेही हलत होते.

"आमेन," आजी म्हणाली.

"पंधरा," सिस्टर पुटपुटल्या. "बरोबर पंधरा."

मी आजीला विचारलं, वॉर्डात एका नर्सनं दुसरीला विचारावं तसं, "किती?"

"सव्वीस," आजी म्हणाली. तिनं डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "लई पळतंय, बया. आदी रडून घे. मग पुना मोजू."